मुक्कामी गाडीतला अनंत

फेब्रुवारीत स्नेहलनं आळेफाट्याच्या नर्सरीतून अनंताचं रोप आणलं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. साडी नको, मिठाई नको, असं दोघांनीही बजावून ठेवल्यामुळं तिनं ही पळवाट काढली होती. काळ्या पिशवीत हातभर रोप, गर्द हिरवी चकचकीत पानं आणि शेंड्याला एकच कळी.

इंद्रायणीनं रोप हातात घेतलं, कळी निरखून पाहिली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मढचा अनंत."

"आई, मढचा कुठला? फाट्यावरचा आहे," स्नेहल हसून म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं ते."

अंगणातली बादली उचलून रामनाथनं उगाचच दुसऱ्या जागी ठेवली.

रामनाथ कुऱ्हाडे एसटीत ड्रायव्हर होता. आळे गावात त्याला अजूनही सगळे ड्रायव्हरच म्हणतात, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी. नोकरीत त्यानं पुणे केलं, नगर केलं, कल्याण केलं. पण घरात विषय निघायचा तो एकाच गाडीचा. मढच्या मुक्कामी गाडीचा. त्र्याण्णव सालापासून पुढं नऊ वर्षं ती ड्युटी त्याच्याकडं होती. संध्याकाळी पाचला जुन्नरहून सुटायचं, गणेश खिंड चढून मढ गाठायचं, आणि मढच्याही पुढं डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती तिथं गाडी लावायची. रात्री मारुतीच्या देवळात झोपायचं आणि सकाळी सहाला परत. आठला जुन्नर, दहाला घर.

त्या वाडीत देवळाला लागून बहिरूचं घर. बहिरू आणि त्याची बायको भागू, दोघंही अबोल. भाताची दोन खाचरं, वर थोडी नाचणी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. पहिल्याच महिन्यात बहिरूच्या आईला दमा उसळला आणि बहिरूनं चिठ्ठी पुढं केली. "डायवरभाऊ, जुन्नरातून एवढं औषध आणाल का?" रामनाथनं दुसऱ्या दिवशी बाटली आणून दिली. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर म्हणजे वाडीचा पोस्टमन, वाणी आणि कंपाउंडर असायचाच. पण तिसऱ्या सकाळी त्यानं इंजिन चालू केलं आणि भागू गाडीपाशी येऊन उभी राहिली. हातात शाळेतली पोरं नेतात तसला ॲल्युमिनियमचा चपटा डबा. तो तिनं खिडकीतून आत दिला आणि वळून निघून गेली. मागून बहिरू एवढंच म्हणाला, "घरच्यांना."

दहा वाजता आळ्यात इंद्रायणीनं डबा उघडला. ओल्या फडक्यात तीन पांढरी फुलं होती. स्वयंपाकघर वासानं भरून गेलं. घोडेगावला तिच्या माहेरी जाई होती, मोगरा होता, पण असलं फूल तिनं पाहिलं नव्हतं. लोण्याच्या गोळ्यासारख्या जाड पाकळ्या, एकात एक बसवलेल्या.

"कुणी दिली? काय म्हणाली ती?"

भागू काहीच म्हणाली नव्हती. पण इतकी सुंदर फुलं देऊन बाई काहीच बोलली नाही, हे सांगायला रामनाथला कसंतरी वाटलं. तो म्हणाला, "म्हणाली, ताईंना सांगा, केसात माळा. उद्यापर्यंत पिवळी पडत्यात."

पिवळी पडतात हे त्याला बहिरूनं आधी सांगितलं होतं. बाकीचं त्याचं त्यानंच घातलं.

इंद्रायणीनं डबा धुतला आणि शेंगदाण्याच्या चटणीनं भरून परत दिला. रिकामा डबा धाडायचा नसतो. संध्याकाळी भागूनं तो घेतला आणि नुसती उभी राहिली. तेव्हा रामनाथ म्हणाला, "आमची म्हणाली, एकदा या आळ्याला." इंद्रायणी तसं काही म्हणाली नव्हती. पण ते ऐकून भागूचा चेहरा असा काही उजळला, की रामनाथला वाटलं, म्हटलं ते बरंच झालं.

असं सुरू झालं, ते नऊ वर्षं चाललं. चैत्रापासून आषाढापर्यंत अनंत; फुलं नसली की करवंदं, रानातली भाजी, नाचणीचं पीठ, नवा तांदूळ. आळ्याहून चटणी, गूळ, द्राक्षं, मुलगा अमृत लहान होता तेव्हा त्याचे आखूड झालेले शर्ट. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. सगळं बोलणं रामनाथच्या तोंडून. आणि त्यातलं अर्धंअधिक रामनाथचंच.

तो घुमा माणूस होता. स्वतःच्या नावानं त्याला चार शब्द सुचत नसत. बायको आजारी असली तर 'बरं वाटतंय का' एवढं विचारायलाही जीभ रेटायची नाही. पण 'भागूबाई म्हणाली' असं एकदा तोंडातून गेलं, की पुढचं आपोआप यायचं. भागूबाई म्हणाली, ताईंना जपायला सांगा. भागूबाई म्हणाली, मागच्या खेपेची चटणी सगळ्या वाडीनं खाल्ली. इंद्रायणी हातातलं काम सोडून ऐकायची.

दोन हजार दोन साली ड्युटी बदलली. पुढं ती मुक्कामी गाडीच बंद झाली. वाडीत तेव्हा फोन नव्हता. 'जाऊ एकदा' म्हणता म्हणता बावीस वर्षं गेली.

स्नेहलनं आणलेलं रोप इंद्रायणीनं अंगणात, तुळशीच्या डाव्या हाताला लावलं. ती कळी उमललीच नाही, आठ दिवसांत गळून पडली. मार्च संपता संपता पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग हळदीसारखा. रामनाथनं शेणखत घातलं, तरी पिवळीच. राख घातली, तर आणखी पिवळी.

शेवटी त्यानं एक पान तोडून खिशात घातलं आणि फाट्यावर नर्सरीत गेला. नर्सरीवाला भरत चाळिशीचा, शेतकीची पदविका घेतलेला. त्यानं पान उजेडात धरलं.

"काका, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं."

"मग बरोबर. आपलं पाणी चुन्याचं, माती काळी. अनंताला हे दोन्ही चालत नाही. त्याला आंबट माती लागते. आणि राख घातली असेल तर पुन्हा घालू नका, ते म्हणजे दुखण्यात भर."

"मग करू काय?"

"तांबडी माती आणा. डोंगराकडची, मढ-माळशेजच्या बाजूची. निम्मी माती, निम्मा कुजलेला पाला. जमिनीत लावू नका, अर्ध्या पिंपात लावा. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी पावसाचं, नाहीतर एसीतून टपकतं ते. आणि मुळाशी सारखं उकरू नका. त्याची मुळं वरच्या वर असतात."

अमृतच्या खोलीत एसी होता. रामनाथनं त्याच्या नळीखाली बादली ठेवली आणि रोज सकाळी ते पाणी मोजक्या तांब्यांनी रोपाला घालायला लागला. रोप मरायचं थांबलं, पण वाढेना.

"त्याला मढचीच माती पायजे," इंद्रायणी एका सकाळी म्हणाली. "आणि माती आणायला जायचंच असंल तर मी बी येते. नऊ वर्षं तिची फुलं डोक्यात घातली. एकदा तोंड तरी दाखवू."

रामनाथ घाईनं म्हणाला, "लावणीचे दिवस हायेत. ती शेतात असंल."

"असू दे. मी बांधावर बसंन."

"ती वळखणार बी न्हाई."

"तुमाला वळखंल की. आणि एवढे निरोप धाडले तिनं मला, नाव सांगितल्यावर वळखणार न्हाई व्हय?"

अमृत म्हणाला रविवारी गाडीनं नेतो, पण इंद्रायणीला एसटीनंच जायचं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, दोघं फाट्यावरून कल्याण गाडीत बसले. इंद्रायणीच्या मांडीवर पिशवी. तिच्यात शेंगदाण्याची चटणी, ओझरच्या गणपतीचा प्रसाद आणि एक नवं लुगडं. पावसाची झड येत होती, जात होती. ओतूर मागं पडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं. इंद्रायणी खिडकीतून बघत होती आणि रामनाथ समोरच्या सीटच्या पाठीवर नजर लावून बसला होता.

बाकीच्या निरोपांची त्याला तितकी काळजी नव्हती. हसण्यावारी नेता आले असते. त्याला काळजी होती ती एका निरोपाची.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये इंद्रायणीचं दुसरं बाळ गेलं. सातवा महिना होता. मुलगी होती, आईच्या कुशीत आलीच नाही. दवाखान्यातून इंद्रायणी घरी आली ती भिंतीकडं तोंड करून पडली. रामनाथची आई म्हणाली, हिनं त्या पहाटे पाण्याची खेप घातली म्हणून झालं. शेजारची म्हणाली, घोडेगावच्या प्रवासानं झालं. इंद्रायणी सगळ्यांचं ऐकत पडली होती. रामनाथला तिच्यापाशी जाऊन बसायचं होतं. तो दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. चौथ्या दिवशी तो ड्युटीवर गेला.

त्या संध्याकाळी वाडीत गाडी लावून तो बहिरूच्या पायरीवर बसला. पायरीला लागूनच अनंताचं झाड. खाली कळ्यांचा सडा पडलेला, न उमललेल्या, हिरव्यागार. बहिरू त्या गोळा करून टोपलीत टाकत होता.

"अशा का गळत्यात रं या?" रामनाथनं विचारलं.

"ते झाड तसंच हाय, डायवरभाऊ. काय कळ्या उमलायच्या आदीच टाकतंय. पाणी घातलं तरी टाकतंय, न्हाई घातलं तरी टाकतंय. लावणाराचा त्यात काय गुन्हा न्हाई. पुढच्या बारीला पुन्ना धरतंय."

दुसऱ्या दिवशी घरी येऊन रामनाथ इंद्रायणीच्या उशाशी उभा राहिला. डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "भागूबाईचा निरोप हाय. म्हणाली, ताईंना सांगा, आमचा अनंत बी कळ्या टाकतो. लावणाराचा त्यात गुन्हा नसतो."

इंद्रायणीनं पाच दिवसांत पहिल्यांदा तोंड भिंतीकडून वळवलं. आणि मग ती रडली. त्या दिवशी ती उठून बसली, दोन घास खाल्ले. पुढं कितीतरी वेळा, कुणाच्या घरात असं काही झालं की ती जायची आणि सांगायची, "मढची एक बाई मला म्हणाली व्हती..."

मढला उतरून जीप मिळाली. वाडीचा रस्ता आता डांबरी होता. देवळाला रंग, पुढं पत्र्याची शेड. बहिरूच्या घरावर कौलांच्या जागी स्लॅब आलेला. पण पायरी तीच होती, आणि तिच्याशेजारी अनंत. रामनाथनं पाहिलं होतं ते कमरेएवढं झुडूप. आता ते दाराच्या चौकटीच्या वर गेलं होतं, दाट, पावसानं धुतलेलं. हंगाम सरत आला होता तरी पंधरा-वीस फुलं होती. इंद्रायणी झाडासमोर गेली आणि पदर डोक्यावर धरून नुसती उभी राहिली.

शेजारच्या पोरीनं शेताकडं हाक दिली. थोड्या वेळानं बांधावरून भागू आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, केस पांढरेशुभ्र. रामनाथकडं तिनं अनोळखी नजरेनं पाहिलं. खाकी कपड्याबाहेर तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"भागूबाई, मुक्कामी गाडी," रामनाथ म्हणाला.

"आगं बया! डायवरभाऊ!" तिनं तोंडावर हात ठेवला. मग नजर इंद्रायणीकडं गेली. "आन ह्या... ताई?"

इंद्रायणीनं तिचे चिखलाचे हात तसेच हातात धरले.

भागूनं पाय धुतले, कोरा चहा टाकला. बहिरू चार वर्षांपूर्वी गेला, तिनं सांगितलं. सकाळी गुरं सोडायला उठला आणि दारातच बसला, तो बसलाच. रामनाथनं मान खाली घातली. मुलगा नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटात कामाला, सून आणि ती मिळून शेत बघतात.

"आमच्या खाचरात तुमच्याच नावाचा भात हाय, ताई," भागू म्हणाली. "इंद्रायणी. पेरताना दरसाली तुमची आठवण येतीय."

इंद्रायणी खळखळून हसली. "तुमी सांगितल्यापासून मी बी आठवणीनं चहात गवती चहा घालते बरं का."

"मी सांगितल्यापासून?"

रामनाथला ठसका लागला. इंद्रायणीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बोलणं पुढं सरकलं. त्याला वाटलं, सुटलो. तो माती भरायला म्हणून उठला. पण तो उंबऱ्यापर्यंत पोचला असेल-नसेल, तोच इंद्रायणीचा आवाज बदललेला ऐकू आला.

"भागूताई, एक सांगायचं राहिलंय. त्याच्यासाठीच आले मी. माझी पोरगी गेली, तवा सगळ्या घरानं मला बोल लावला. तुमी एकट्यांनी निरोप धाडला. अनंत बी कळ्या टाकतो, लावणाराचा गुन्हा नसतो. त्या एका निरोपावर मी उठले बघा. न्हाईतर माझं काय खरं नव्हतं."

भागू गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं दाराकडं, रामनाथकडं पाहिलं. रामनाथला वाटलं, हो म्हण बाई. नुसती मान हलव. पण भागूला खोटं बोलायची सवय नव्हती.

"ताई, कसं सांगू तुमाला," ती हळू म्हणाली. "मी न्हाई धाडला तसला निरोप. तुमची लेक गेली हे मला आज कळतंय."

इंद्रायणीनं कप खाली ठेवला.

"मंग हे कोण बोललं?"

"कळ्यांचं आमचे हे बोलले व्हते. या पायरीवर. डायवरभाऊंनी इचारलं, कळ्या का गळत्यात, तवा." भागू क्षणभर थांबली. "आमचे हे टोपली घिऊन आत आले. मी दारामागं व्हते. डायवरभाऊ तिथंच बसलेले, आन रडत व्हते. तोंडात टोपी कोंबून. गडीमाणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. आमी दोघं आतच थांबलो, लई येळ. म्हणलं कुणीतरी जवळचं वारलं असंल. इचारायची हिंमत झाली न्हाई. सकाळी फुलं तेवढी जास्ती घातली डब्यात."

रामनाथला वाटत होतं, तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्याला तसंच वाटत होतं. इंद्रायणीकडं बघायचं धाडस होईना, म्हणून तो भिंतीवरच्या बहिरूच्या फोटोकडं बघत राहिला.

इंद्रायणी उठली. त्याच्या शेजारून बाहेर गेली. "कुठल्या पायरीवर?" तिनं विचारलं.

"ह्याच. खालच्या," भागू म्हणाली.

इंद्रायणी खालच्या पायरीवर जाऊन बसली. दगड ओला होता, तरी बसली. बराच वेळ बसली. मग उठून, लुगड्याला लागलेलं पाणी झटकून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "भागूताई, फांद्या कशा काढायच्या ते दाखवा."

भागूनं कोयती आणली. फार कोवळी नको, फार जून नको, म्हणत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या तिनं फुटव्याच्या डोळ्याखाली तिरप्या कापल्या, खालची पानं काढली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. मग झाडाच्या मागच्या बाजूला गेली. तिथं एक फांदी वाकून जमिनीला टेकली होती, वर दगड होता. दगड बाजूला केला, बोटांनी माती उकरली, तर खाली पांढऱ्या मुळ्या. "ही आपली आपणच लागलीय. ही न्या, ही जगंल." तिनं ती मुळांच्या गोळ्यासकट काढून दिली. खताच्या रिकाम्या गोणीत रामनाथनं तांबडी माती भरली, भागूच्या सुनेनं गोणीचं तोंड बांधलं. लुगडं देताना दोघींची पुष्कळ ओढाताण झाली. शेवटी भागूनं घेतलं, पण बदल्यात पाच किलो तांदूळ गळ्यात मारला.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. गोणी पायाशी, रोप इंद्रायणीच्या मांडीवर. रामनाथनं चोरून तिच्याकडं दोनदा पाहिलं. रागावली आहे की नाही, काही कळेना. धरण मागं पडलं तेव्हा ती रोपाकडं बघतच म्हणाली, "मी समजत व्हते, तुमाला काय वाटलंच न्हाई. चौथ्या दिवशी टोपी घालून निघालात."

"घरात बसवंना."

"मला सांगायचं ना तसं."

"सुचत नव्हतं."

"भागूच्या नावानं बरं सुचलं."

"व्हय," रामनाथ म्हणाला. "तिच्या नावानं सुचायचं."

इंद्रायणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती चिडलेलीही होती. "अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईचे उपकार मानले. आणि तुमच्यावर मनातनं राग धरला. एवढ्यातेवढ्यावर तुमाला बोलले, ते कशापायी बोलले, मलाच कळायचं न्हाई. एकदा जरी म्हणाला असता, हे माझं बोलणं हाय म्हणून."

रामनाथनं ऐकून घेतलं. ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. गाडी एका थांब्यावर थांबली, शाळेच्या पोरी चढल्या, गाडी पुन्हा सुटली.

"नाव ठरवलं व्हतं का तुमी?" तिनं एकाएकी विचारलं. "मी ठरवलं न्हाई. सातव्यात कोण ठरवतं."

"वृषाली," रामनाथ म्हणाला. "जुन्नर स्टँडवर एक शाळेतली पोरगी रोज पुढच्या सीटवर बसायची. तिचं नाव. मला आवडायचं. म्हणलं, मुलगी झाली तर सुचवू."

"वृषाली," इंद्रायणी म्हणाली. मग तिनं मांडीवरचं रोप उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "धरा जरा. हात अवघडलाय."

ओतूर सोडल्यावर तिनं पुन्हा विचारलं. "आणखी कुठकुठले निरोप तुमचे? सगळे सांगा."

रामनाथ आठवून आठवून सांगायला लागला. केसात माळा, तो त्याचा. गवती चहा, तोही. अमृतला मारू नका, तो. सासूचं मनावर घेऊ नका, तो.

"आणि ड्रायव्हरला दुपारचं झोपू द्या, हाका मारू नका, तो?"

"...तो बी माझाच."

"तो मला तवाच कळला व्हता," इंद्रायणी म्हणाली, आणि मागच्या सीटवरच्या पोरी वळून बघायला लागल्या इतक्या मोठ्यानं हसली.

चारपैकी तीन फांद्या सुकल्या, एक जगली. मुळांसकट आणलेली फांदी भरतनं सांगितल्याप्रमाणं अर्ध्या पिंपात लावली. महिन्याभरात तिनं बहुतेक पानं टाकली. रामनाथला झोप येईना. भरत म्हणाला, "काका, हात लावू नका, ती जागा ओळखतीय." गणपतीच्या सुमारास फांदीच्या बगलेतून हिरवे ठिपके फुटले. नर्सरीतलं रोपही त्याच मातीत हलवलं. त्याची पानं हिरवी झाली, पण अंगानं ते खुरटंच राहिलं.

वाडीत आता सगळ्यांकडं मोबाईल. भागूच्या सुनेनं नंबर दिला होता. रविवारी दुपारी इंद्रायणी ओसरीत बसून भागूशी बोलते, तासतासभर. रामनाथ तिथंच खुर्चीत असतो. पहिले काही दिवस त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

भाताची मळणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, भागू आळ्याला आली. एकटी आली, एसटीनं. रामनाथ तिला आणायला फाट्यावर गेला होता. वाटेत वेद बोललेल्या रेड्याच्या समाधीचं दर्शन झालं, मग घर. घरात शिरायच्या आधी ती पिंपापाशी थांबली, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "पाणी लई व्हतंय, ताई."

"मी घालतो," रामनाथ म्हणाला. "हिला हातच लावू देत न्हाई. वाटतं, सुकंल."

"न्हाई सुकत. दोन दिस कोरडं राहू द्यावं."

"बरं," रामनाथ म्हणाला. "आणि थंडीचं काय करायचं? आमच्याकडं जानेवारीत दव लई पडतं."

भागू सांगायला लागली. रामनाथनं पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. इंद्रायणीनं आतून तीन कप चहा आणला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. दोघं पिंपाशी उकिडवे बसून बोलत होते, चहावर साय धरली तरी.